तीव्र छातीदुखी

तीव्र छातीदुखी म्हणजे अचानक सुरू झालेली, अथवा पूर्वीपासून असली तरी अलीकडे जिचे स्वरूप, तीव्रता किंवा कालावधी बदलला आहे अशी छातीतील वेदना. वैद्यकशास्त्रात या लक्षणाची व्याप्ती केवळ छातीपुरती मर्यादित नाही. खांदा, हात, मान, जबडा, पाठ किंवा पोटाचा वरचा भाग येथे जाणवणारी वेदना, दडपण, आवळल्याची भावना आणि जळजळ यांचाही त्यात समावेश होतो. रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात येणाऱ्या प्रमुख तक्रारींपैकी ही एक आहे.

या लक्षणामागील कारणे बरगडीजवळचा स्नायू दुखावण्यापासून हृदयविकाराच्या झटक्यापर्यंत कोणतीही असू शकतात. बहुसंख्य रुग्णांत कारण जीवघेणे नसते. मात्र थोड्या रुग्णांत ते काही तासांत, प्रसंगी काही मिनिटांत मृत्यू घडवू शकते, आणि प्रारंभी दोन्ही गटांतील रुग्ण सारखेच दिसू शकतात. त्यामुळे मेडिसिन या वैद्यकशाखेत निर्णयप्रक्रिया शिकवताना तीव्र छातीदुखीचे उदाहरण नेहमी घेतले जाते. येथे ‘सर्वांत संभाव्य कारण कोणते?’ या प्रश्नाआधी ‘कोणते कारण नजरेतून सुटले तर रुग्णाचा जीव जाईल?’ हा प्रश्न विचारावा लागतो, आणि पूर्ण खात्री होण्यापूर्वीच काही निर्णय घ्यावे लागतात.

कारणे

छातीतील बहुतेक अवयवांचे संवेदनातंतू मज्जारज्जूच्या जवळजवळच्या भागांत जातात. त्यामुळे हृदय, अन्ननलिका आणि महारोहिणी यांच्यापासून निघणारी वेदना मेंदूला एकाच ठिकाणची वाटू शकते. डाव्या हातात किंवा जबड्यात उमटणारी हृदयवेदना हे याच रचनेचे फलित होय.

तातडीने ओळखावी लागणारी प्रमुख कारणे पुढीलप्रमाणे आहेत:

• तीव्र हृद्‌रोहिणी विकार: हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या रोहिणीत गुठळी होऊन रक्तप्रवाह अंशतः किंवा पूर्णतः थांबणे. हृदयविकाराचा झटका या गटात येतो.
• महारोहिणी विदारण: हृदयातून निघणाऱ्या मुख्य रोहिणीच्या भित्तीचा आतील थर फाटून रक्त थरांच्या मध्ये शिरणे.
• फुप्फुस रोहिणीतील गुठळी: बहुधा पायाच्या शिरेत तयार झालेली रक्ताची गुठळी वाहत येऊन फुप्फुसाच्या रोहिणीत अडकणे.
• ताणयुक्त वातवक्ष: फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत हवा साचत जाऊन फुप्फुस व हृदयावर दाब येणे.
• हृदयाभोवती द्रव साचून हृदय दाबले जाणे. भारतात क्षयरोग हे याचे एक महत्त्वाचे कारण आहे.
• अन्ननलिका फाटणे: जोरदार उलटीनंतर होणारा हा दुर्मीळ परंतु अतिशय गंभीर प्रकार आहे.

तुलनेने कमी धोक्याच्या कारणांत स्नायू व बरगड्यांच्या कूर्चेचा दाह, जठरातील आम्ल अन्ननलिकेत येणे, फुप्फुसावरणाचा दाह, नागीण आणि तीव्र चिंतेचा झटका यांचा समावेश होतो. नागिणीत अंगावर पुरळ दिसण्याच्या काही दिवस आधीच वेदना सुरू होऊ शकते.

वेदनेचे वर्णन आणि त्याची मर्यादा

हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडल्याने होणारी वेदना बहुधा छातीच्या मध्यभागी, दडपण किंवा आवळल्यासारखी असते. ती श्रमाने वाढते आणि विश्रांतीने कमी होते. हृदयविकाराच्या झटक्यात ती विश्रांतीनेही थांबत नाही आणि तिच्यासोबत दरदरून घाम, मळमळ किंवा धाप असू शकते. दोन्ही हातांत किंवा उजव्या हातात पसरणारी वेदना, श्रमाशी संबंध आणि घाम ही लक्षणे हृदयविकाराची शक्यता वाढवतात. दीर्घ श्वासासोबत टोचणारी, शरीराची स्थिती बदलल्यावर बदलणारी किंवा बोटाने दाबल्यावर नेमकी तशीच जाणवणारी वेदना ती शक्यता कमी करते. मात्र यांपैकी कोणतेही एक लक्षण हृदयविकार पूर्णपणे नाकारण्यास पुरेसे नाही.

मराठी भाषक रुग्ण ही वेदना अनेकदा ‘दुखणे’ या शब्दाने सांगत नाहीत. ‘छातीत भरून आले’, ‘दडपण आले’, ‘जीव घाबरा झाला’, ‘कळ आली’ किंवा ‘गॅस वर चढला’ अशी वर्णने केली जातात. ‘छातीत दुखते का?’ या प्रश्नाला नकार मिळाल्यास तपासणी तेथेच थांबू नये, यासाठी दडपण, जळजळ, जडपणा आणि धाप यांविषयी वेगवेगळे प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

पित्त किंवा गॅस हा समज विशेष फसवा आहे. हृदयाच्या खालच्या भागातील झटक्यात वेदना पोटाच्या वरच्या भागात जाणवू शकते आणि उलटीही होते. आम्लपित्तावरील औषधाने बरे वाटले म्हणून हृदयविकार नाही, किंवा जिभेखाली नायट्रोग्लिसरीनची गोळी ठेवल्यावर बरे वाटले म्हणून हृदयविकारच आहे, असे दोन्ही निष्कर्ष चुकीचे ठरू शकतात. नायट्रोग्लिसरीनने अन्ननलिकेचे आकुंचनही सैल होते.

स्त्रिया, वृद्ध आणि मधुमेहाचे रुग्ण यांच्यात धाप, थकवा, मळमळ किंवा भोवळ ही लक्षणे अधिक ठळक असू शकतात. पूर्वी अशा लक्षणांना ‘असामान्य छातीदुखी’ म्हटले जाई. या शब्दामुळे ती निरुपद्रवी असल्याचा समज होतो, म्हणून २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत त्याऐवजी ‘हृदयजन्य’, ‘संभाव्य हृदयजन्य’ आणि ‘हृदयेतर’ असे वर्गीकरण सुचवण्यात आले.

पहिली दहा मिनिटे

तीव्र छातीदुखीच्या रुग्णाचा ईसीजी, म्हणजे हृदयाचा विद्युत आलेख, पहिल्या वैद्यकीय संपर्कापासून १० मिनिटांच्या आत काढून वाचला जावा, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. याच वेळेत नाडी, दोन्ही हातांतील रक्तदाब, श्वसनाची गती आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण पाहिले जाते.

काही निर्णय कोणत्याही चाचणीची वाट न पाहता घेतले जातात. धाप, घसरलेला रक्तदाब, एका बाजूला श्वासाचा आवाज नसणे आणि श्वासनलिका विरुद्ध बाजूस सरकणे ही चिन्हे एकत्र दिसल्यास ताणयुक्त वातवक्षाचे निदान तपासणीनेच केले जाते आणि छातीत सुई घालून हवा बाहेर काढली जाते. येथे क्ष-किरण चित्रासाठी थांबणे प्राणघातक ठरू शकते.

ईसीजीमध्ये एसटी हा भाग ठरावीक पद्धतीने वर उचललेला दिसल्यास हृद्‌रोहिणी पूर्णपणे बंद झाल्याचा संशय बळावतो. अशा वेळी रक्तचाचणीचा निकाल येण्याची वाट न पाहता बंद रोहिणी उघडण्याची तयारी सुरू होते. त्यासाठी दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे तातडीची अँजिओप्लास्टी. तिची सोय असलेल्या रुग्णालयात ती साधारणतः ९० मिनिटांच्या आत व्हावी, असे उद्दिष्ट असते. दुसरा मार्ग म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज किंवा टेनेक्टेप्लेस यांसारखे गुठळी विरघळवणारे औषध शिरेतून देणे. रुग्णाला दुसरीकडे हलवून १२० मिनिटांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल आणि औषध देण्यास अडथळा नसेल, तर लक्षणे सुरू झाल्यापासून १२ तासांच्या आत आलेल्या रुग्णाला हे औषध देऊन पुढे पाठवले जाते. अँजिओप्लास्टी हा अधिक परिणामकारक उपचार आहे, परंतु तो वेळेत मिळत असेल तरच. दूरच्या उत्तम उपचारासाठी जवळचा उपलब्ध उपचार गमावणे हे येथील सर्वांत महाग पडणारे निर्णय ठरू शकतात.

पहिला ईसीजी सामान्य असला तरी हृदयविकार नाकारता येत नाही. वेदना चालू असल्यास तो १५ ते ३० मिनिटांच्या अंतराने पुन्हा काढला जातो. हृदयाच्या मागील भिंतीचा झटका नेहमीच्या बारा मार्गिकांत स्पष्ट दिसत नाही, म्हणून संशय असल्यास पाठीवरही मार्गिका लावल्या जातात. खालच्या भागाच्या झटक्यात छातीच्या उजव्या बाजूची मार्गिका पाहिली जाते, कारण उजव्या कप्प्याला इजा झालेली असल्यास नायट्रोग्लिसरीनमुळे रक्तदाब धोकादायकरीत्या कोसळू शकतो. गेल्या एक-दोन दिवसांत सिल्डेनाफिलसारखे औषध घेतलेल्या रुग्णांतही हाच धोका असतो.

ट्रोपोनिन चाचणी

ट्रोपोनिन हे हृदयस्नायूतील प्रथिन असून स्नायूला इजा झाल्यास ते रक्तात उतरते. त्याचे प्रमाण वाढण्यास इजेनंतर काही काळ लागतो. त्यामुळे वेदना सुरू होताच आलेल्या रुग्णाची पहिली चाचणी सामान्य येऊ शकते, आणि निर्णय एका आकड्यावर नव्हे तर दोन चाचण्यांमधील फरकावर घेतला जातो. उच्च संवेदनशील ट्रोपोनिन चाचणी उपलब्ध झाल्यानंतर हे अंतर १ ते ३ तासांपर्यंत खाली आले आहे. जुन्या पद्धतीच्या चाचणीत ते ३ ते ६ तासांचे असते.

ट्रोपोनिन वाढणे म्हणजे हृदयविकाराचा झटकाच, असे नाही. मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, फुप्फुस रोहिणीतील गुठळी, हृदयस्नायूचा दाह आणि हृदयाची अतिजलद गती यांतही ते वाढते. २०१८ च्या चौथ्या जागतिक व्याख्येनुसार झटक्याचे निदान करण्यासाठी ट्रोपोनिनमधील चढ किंवा उतार याच्यासोबत रक्तपुरवठा कमी पडल्याचा आणखी एखादा पुरावा आवश्यक असतो. उदाहरणार्थ, तशी लक्षणे किंवा ईसीजीतील नवे बदल.

संभाव्यतेचा हिशेब

कोणत्याही चाचणीचा अर्थ ती करण्यापूर्वी रोगाची शक्यता किती होती यावर अवलंबून असतो. हे तत्त्व थॉमस बेज या इंग्रज गणितज्ञाच्या, १७६३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या प्रमेयावर आधारलेले आहे.

समजा, एखादी चाचणी रोग असलेल्या १०० पैकी ७० जणांत सकारात्मक येते आणि रोग नसलेल्या १०० पैकी ८० जणांत नकारात्मक येते. ही चाचणी दोन गटांत केल्यास पुढील चित्र दिसते:

• पहिल्या गटातील १,००० जणांत रोगाची शक्यता ५ टक्के आहे, म्हणजे ५० रोगी आणि ९५० निरोगी. चाचणी ३५ रोग्यांत सकारात्मक येईल आणि १९० निरोगी व्यक्तींतही सकारात्मक येईल. सकारात्मक आलेल्या २२५ जणांपैकी खरे रोगी केवळ १६ टक्के असतील.
• दुसऱ्या गटातील १,००० जणांत शक्यता ५० टक्के आहे, म्हणजे ५०० रोगी आणि ५०० निरोगी. सकारात्मक आलेल्या ४५० जणांपैकी ३५०, म्हणजे सुमारे ७८ टक्के खरे रोगी असतील. मात्र नकारात्मक आलेल्या ५५० जणांपैकीही १५०, म्हणजे सुमारे २७ टक्के रोगी असतील.

चाचणी तीच आणि निकालही तोच, परंतु पंचविशीतील निरोगी व्यक्ती आणि साठीतील धूम्रपान करणारा मधुमेही यांच्यासाठी त्याचा अर्थ वेगळा होतो. त्यामुळे रुग्णाची विचारपूस आणि शारीरिक तपासणी यांना चाचणीचा पर्याय ठरत नाही. चाचणीच्या निकालाला अर्थ त्यांच्यामुळेच मिळतो.

फुप्फुस रोहिणीतील गुठळीच्या निदानात हे तत्त्व थेट वापरले जाते. वेल्स गुणांकासारख्या पद्धतीने आधी शक्यता ठरवली जाते. शक्यता कमी असल्यास डी-डायमर ही रक्तचाचणी केली जाते आणि ती नकारात्मक आल्यास तपास थांबवता येतो. शक्यता जास्त असल्यास डी-डायमर न करता थेट सीटी अँजिओग्राफी केली जाते, आणि रक्तस्रावाचा धोका नसेल तर तिच्या निकालापूर्वीच रक्त गोठू न देणारे औषध सुरू केले जाते.

उपचाराचा उंबरठा

उपचार केव्हा सुरू करावा, यासाठी खात्री किती हवी? या प्रश्नाला सर्व रोगांसाठी एकच उत्तर नाही. अमेरिकी वैद्य स्टीफन पॉकर आणि जेरोम कॅसिरर यांनी १९८० साली मांडलेल्या ‘उंबरठा’ संकल्पनेनुसार उपचाराचा लाभ आणि हानी यांच्या प्रमाणावर ते ठरते. रोग नसताना उपचार दिल्याने होणारी हानी भागिले हानी आणि लाभ यांची बेरीज, असे त्याचे सूत्र आहे. लाभ हानीच्या नऊपट असेल तर रोगाची शक्यता १० टक्के असतानाही उपचार योग्य ठरतो. दोन्ही समान असतील तर शक्यता ५० टक्क्यांहून अधिक असावी लागते.

या चौकटीत दोन उंबरठे असतात. खालच्या उंबरठ्याच्या खाली शक्यता असेल तर चाचणीही करू नये, कारण खोट्या सकारात्मक निकालांची हानी अधिक होते. वरच्या उंबरठ्याच्या वर असेल तर चाचणीची वाट न पाहता उपचार करावा. चाचणीचा उपयोग या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात होतो. जिच्या निकालाने पुढील कृती बदलणार नाही, ती चाचणी निर्णयाच्या दृष्टीने निरर्थक ठरते.

छातीदुखीत या तत्त्वाची अनेक रूपे दिसतात. ॲस्पिरिनच्या एका मात्रेची हानी बहुतेक रुग्णांत अल्प आणि झटका असल्यास लाभ मोठा असल्याने ते केवळ सबळ संशयावर दिले जाते. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून त्यासाठी ईसीजीचा स्पष्ट पुरावा लागतो. सुमारे ५८,६०० रुग्णांवरील नऊ चाचण्यांच्या १९९४ मधील एकत्रित विश्लेषणात, एसटी भाग उचललेल्या रुग्णांना पहिल्या सहा तासांत हे औषध दिल्यास दर हजारी सुमारे ३० मृत्यू टळल्याचे आढळले. सात ते बारा तासांत दिल्यास हा आकडा सुमारे २० होता. सुरुवातीच्या दोन दिवसांत पक्षाघाताचे प्रमाण मात्र दर हजारी सुमारे चारने वाढले. एसटी भाग खाली दबलेल्या रुग्णांत या औषधाचा लाभ दिसला नाही.

एकाच औषधाचे दोन परिणाम

महारोहिणी विदारण हे या निर्णयातील सर्वांत कठीण वळण आहे. हृदयविकाराच्या झटक्याच्या तुलनेत ते बरेच दुर्मीळ आहे, परंतु झटक्यात जीव वाचवणारी रक्त पातळ करणारी आणि गुठळी विरघळवणारी औषधे विदारणात दिल्यास रुग्ण दगावू शकतो. महारोहिणीच्या सुरुवातीच्या भागातील विदारणात, शस्त्रक्रिया न झाल्यास, पहिल्या दोन दिवसांत मृत्यूचा धोका दर तासाला साधारण १ ते २ टक्क्यांनी वाढत जातो.

वेदना क्षणार्धात सर्वोच्च तीव्रतेला पोहोचणे, ती फाडल्यासारखी असणे आणि पाठीकडे सरकणे, दोन हातांच्या रक्तदाबात २० मिलिमीटरहून अधिक फरक असणे, आणि छातीदुखीसोबत पक्षाघाताची चिन्हे किंवा पायातील नाडी नाहीशी होणे यांवरून विदारणाचा संशय येतो. दीर्घकाळचा अनियंत्रित उच्च रक्तदाब हे त्याचे प्रमुख कारण असून मार्फन लक्षणसमूह असलेल्या व्यक्तींत ते तरुण वयातही होते. क्ष-किरण चित्र सामान्य असले तरी विदारण नाकारता येत नाही. निश्चित निदानासाठी सीटी अँजिओग्राफी किंवा अन्ननलिकेतून केलेली इको तपासणी लागते. तोवर शिरेतून बीटा-रोधक औषध देऊन नाडी मिनिटाला ६० च्या आसपास किंवा खाली आणि वरचा रक्तदाब १०० ते १२० च्या दरम्यान ठेवण्याचा प्रयत्न केला जातो.

काही रुग्णांत विदारण हृद्‌रोहिणीच्या मुखापर्यंत पोहोचते आणि ईसीजीत खरोखरच झटक्याचे चित्र उमटते. म्हणून ईसीजी स्पष्ट असतानाही पाठदुखी, नाड्यांतील फरक आणि मेंदूची लक्षणे यांविषयीची विचारपूस वगळली जात नाही. तिला एक-दोन मिनिटेच लागतात.

घरी पाठवण्याचा निर्णय

रुग्णाला दाखल करण्याइतकाच घरी पाठवणे हाही जोखमीचा निर्णय असतो. अमेरिकेतील दहा हजारांहून अधिक रुग्णांच्या २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्यांपैकी सुमारे २ टक्के रुग्णांना चुकून घरी पाठवल्याचे आढळले. ५५ वर्षांखालील स्त्रिया, धाप ही मुख्य तक्रार असलेले आणि ईसीजी सामान्य असलेले रुग्ण यांच्यात ही चूक अधिक होती.

दुसऱ्या टोकाला, प्रत्येक रुग्णाला दाखल केल्यास खाटा अडतात, अनावश्यक अँजिओग्राफी होते आणि रुग्णाला खर्च, किरणोत्सर्ग व चिंता सोसावी लागते. या दोहोंत समतोल साधण्यासाठी गुणांकन पद्धती विकसित झाल्या. नेदरलँड्समध्ये २००८ साली मांडलेल्या ‘हार्ट’ गुणांकात रुग्णाची कहाणी, ईसीजी, वय, जोखीम घटक आणि ट्रोपोनिन या पाच बाबींना प्रत्येकी ० ते २ गुण दिले जातात. तेथील २,४४० रुग्णांच्या २०१३ मधील अभ्यासात ० ते ३ गुण असलेल्यांपैकी १.७ टक्के रुग्णांना, तर ७ ते १० गुण असलेल्यांपैकी सुमारे ५० टक्के रुग्णांना पुढील सहा आठवड्यांत हृदयाची गंभीर घटना घडली.

अशा गुणांकाने निर्णयाला शिस्त येते, पण तो निर्णयाची जागा घेत नाही. हा गुणांक विदारण किंवा फुप्फुसातील गुठळी शोधत नाही. तसेच कमी धोका म्हणजे शून्य धोका नव्हे. ही गोष्ट रुग्णाला आकड्यांसह सांगणे, वेदना परतल्यास केव्हा व कोठे यावे हे लिहून देणे आणि पुढील तपासणीची तारीख ठरवणे हे घरी पाठवण्याच्या निर्णयाचेच भाग मानले जातात.

विचारातील चुका

छातीदुखीच्या निदानातील चुका नेहमीच ज्ञानाच्या अभावाने होत नाहीत. मानसशास्त्रज्ञ ॲमॉस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ साली दाखवलेल्या विचारातील झुकावांची उदाहरणे येथेही आढळतात. पहिल्या समजाला चिकटून राहणे, नुकत्याच पाहिलेल्या रुग्णावरून अंदाज बांधणे आणि एक स्पष्टीकरण मिळताच शोध थांबवणे हे त्यांपैकी नेहमीचे प्रकार होत. आधीच्या चिठ्ठीवर ‘आम्लपित्त’ लिहिलेले असल्यास पुढील प्रत्येक वैद्य त्याच चौकटीत विचार करण्याची शक्यता असते. ‘या निदानाशी कोणती गोष्ट जुळत नाही?’ असा प्रश्न जाणीवपूर्वक विचारणे आणि रुग्णाची पुन्हा तपासणी करणे हे त्यावरील साधे उपाय आहेत.

संशोधनाचा आधार घेतानाही अशीच सावधगिरी लागते. १७,१८७ रुग्णांवरील ‘आयसिस-२’ या चाचणीने १९८८ साली ॲस्पिरिनचा लाभ निर्विवादपणे सिद्ध केला. मात्र त्याच चाचणीतील रुग्णांची पाश्चात्त्य राशींनुसार विभागणी केली असता मिथुन आणि तूळ राशींच्या रुग्णांत ॲस्पिरिन निरुपयोगी असल्याचे भासले. उपगट पाडत गेल्यास केवळ योगायोगाने खोटे निष्कर्ष निघतात, हे दाखवण्यासाठीच संशोधकांनी ही विभागणी प्रसिद्ध केली होती.

इतिहास

श्रमाने होणाऱ्या हृदयवेदनेचे अभिजात वर्णन विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडन येथे केले. विलेम आइंटहोव्हेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ईसीजीचे यंत्र विकसित केले. त्यासाठी त्यांना १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हृद्‌रोहिणीत गुठळी झालेला रुग्ण जगू शकतो आणि जिवंतपणी त्याचे निदान होऊ शकते, हे जेम्स हेरिक यांनी १९१२ साली मांडले. त्यानंतर अनेक दशके उपचार मुख्यतः विश्रांतीचाच होता. १९६० च्या दशकात हृदयरोग अतिदक्षता विभाग सुरू झाल्यावर हृदयाच्या लयीतील घातक बिघाडावर तत्काळ उपचार शक्य झाले.

निदानाच्या तर्काचे गणित रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांनी १९५९ साली मांडले. आंद्रेयास ग्रुंट्झिग यांनी १९७७ साली झुरिक येथे पहिली हृद्‌रोहिणी अँजिओप्लास्टी केली. झटक्याच्या पहिल्या तासांत बहुतेक रुग्णांची रोहिणी गुठळीने पूर्णपणे बंद असते, हे १९८० साली स्पष्ट झाले. इटलीतील ‘जिस्सी’ चाचणीने १९८६ साली स्ट्रेप्टोकायनेजचा लाभ दाखवल्यानंतर या लक्षणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन बदलला आणि वेळ हाच निर्णयाचा केंद्रबिंदू ठरला.

भारतातील स्थिती

दक्षिण आशियातील व्यक्तींना पहिला हृदयविकाराचा झटका तुलनेने लवकर येतो. ५२ देशांतील ‘इंटरहार्ट’ अभ्यासाच्या २००७ मधील विश्लेषणानुसार त्या वेळचे सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर इतर देशांत सुमारे ५९ वर्षे होते. त्यामुळे पाश्चात्त्य लोकसंख्येवर आधारित वयाचे निकष येथे जसेच्या तसे लावल्यास चाळिशीतील रुग्णाचा धोका कमी लेखला जाऊ शकतो.

भारतातील ५० शहरांमधील ८९ केंद्रांत २०,४६८ रुग्णांची नोंद करणारा ‘क्रिएट’ अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंत मध्यमान ३६० मिनिटे, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून गुठळी विरघळवणारे औषध मिळेपर्यंत ५० मिनिटे लागल्याचे त्यात आढळले. म्हणजे सर्वाधिक वेळ रुग्णालयाबाहेर, लक्षण ओळखणे आणि वाहन मिळणे यांत गेला होता. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर आपत्कालीन रुग्णवाहिका उपलब्ध आहे. तरीही अँजिओप्लास्टीची सोय मुख्यतः शहरांत एकवटलेली असल्याने ग्रामीण भागातील रुग्णासाठी जवळच्या रुग्णालयातील ईसीजी आणि तेथेच मिळणारे औषध यांना निर्णायक महत्त्व राहते.

तमिळनाडूमध्ये लहान रुग्णालये मोठ्या हृदयरोग केंद्रांशी जोडण्याचा प्रयोग करण्यात आला. छोट्या रुग्णालयात ईसीजी आणि औषध, तर पुढील अँजिओग्राफी मोठ्या केंद्रात, अशी त्याची रचना होती. २,४२० रुग्णांच्या या अभ्यासात व्यवस्था सुरू होण्यापूर्वीच्या तुलनेत एका वर्षातील मृत्यूंचे प्रमाण १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले.

‘क्रिएट’ अभ्यासात ३० दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण श्रीमंत रुग्णांत ५.५ टक्के, तर गरीब रुग्णांत ८.२ टक्के होते. गरीब रुग्णांना प्रमाणित उपचार कमी प्रमाणात मिळाले होते. मिळालेल्या उपचारांतील फरक हिशेबात घेतल्यावर मृत्यूंमधील हा फरक नाहीसा झाला.